रस्त्याला नंबर नाही

(तालुका शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण. बोललं तसंच उतरवलं आहे, मधले प्रश्न तेवढे गाळले आहेत. ज्या पाड्यात हा अंक पोचेल तिथं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावा.)



काल रात्री जेवणं झाल्यावर एका काकांनी मला विचारलं, "पोरी, आपली संघटना जमिनीची. प्लॉटचे दावे अजून पडून आहेत. मग तू रस्त्यावर कशाला बोलतेस?" काकांचा प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. ज्या सरकारी कागदावर आपला पाडा दिसत नाही, त्याच कागदावर आपला प्लॉटही दिसत नाही. दोन्ही ठिकाणी एकच शब्द लिहिलेला असतो, "वन". रस्ता मागायला गेलं की हे कळतं. मला तसंच कळलं.

आमचा पाडा मोखाड्याच्या बाजूला, डोंगराच्या उतरणीला आहे. मोठ्या रस्त्यापासून शाळेच्या पाड्यापर्यंत डांबरी सडक आली. तिथून पुढं आमच्या पाड्यापर्यंत दीड किलोमीटर पायवाट, मध्ये एक ओहोळ. पावसाळ्यात ओहोळ भरला की पोरं शाळेत जात नाहीत, रेशन डोक्यावर आणायचं, आणि बाळंतीण असली की झोळी. मी बारावीला होते तेव्हा एसटी पकडायला पहाटे पाचला निघायची. मुलींना मानव विकासच्या निळ्या बसमध्ये फुकट प्रवास आहे, पण ती बस डांबर संपतं तिथपर्यंतच येणार. पुढं गाडी वळवायला जागा नाही.

आम्ही रस्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव केला. एक नाही, पाच वेळा केला. दरवेळी तालुक्याला नेऊन दिला, पोच घेतली. सहाव्या वेळी मी एका कार्यालयात जाऊन बसले आणि म्हटलं, आमच्या ठरावाचं काय झालं ते सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. तिथले साहेब वाईट नव्हते. त्यांनी कपाट उघडलं, एक यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुमच्या रस्त्याला नंबरच नाही. ज्याला नंबर नाही त्याला मी पैसे कुठून लावू?"

पाच ठराव आम्ही पैशासाठी केले होते आणि अडलं होतं नंबरावर. हे आम्हाला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज सगळी साखळी सांगते. कुठं काय अडतं ते कळलं तर धक्का कुठं द्यायचा तेही कळेल.

आधी नंबर म्हणजे काय ते बघू. राज्याचा रस्ते विकास आराखडा असतो. वीस-वीस वर्षांचा असतो, १९८१ ते २००१ चा होता, मग २००१ ते २०२१ चा. त्यात रस्त्यांच्या जाती पाडलेल्या आहेत. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग हे जिल्हा परिषदेकडे. आपल्या पाड्याचे रस्ते शेवटच्या जातीत, ग्रामीण मार्गात. बघा, रस्त्यातसुद्धा जात आहे आणि आपण शेवटी. प्रत्येक ग्रामीण मार्गाला नंबर असतो. ज्याला नंबर नाही तो आराखड्याबाहेरचा रस्ता. सरकारच्या लेखी ती नुसती पायवाट. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या रस्त्याचा नंबर आहे की नाही हे विचारणं. नसेल तर ठरावात "रस्ता मिळावा" एवढं लिहून भागत नाही. "आमच्या रस्त्याला ग्रामीण मार्गाचा दर्जा व क्रमांक मिळावा" असं लिहायचं, आणि कुठून कुठपर्यंत, किती लांब, मध्ये किती ओहोळ, किती घरं, हे सगळं लिहायचं.

आता पैसे. जिल्ह्यातला पैसा कुणाला किती हे जिल्हा नियोजन समितीत ठरतं. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीत ही समिती आली आणि आपल्या राज्यात तिचा कायदा १९९८ चा आहे. पालकमंत्री अध्यक्ष असतात, कलेक्टर सदस्य-सचिव असतात. सदस्यांपैकी पाचातले चार हे निवडून आलेल्यांमधून यायला पाहिजेत, म्हणजे जिल्हा परिषदेचे आणि शहरांच्या नगरपालिका-महानगरपालिकांचे सदस्य आपल्यातून निवडून देतात. गावात लोकसंख्या किती आणि शहरात किती, त्या प्रमाणात जागा. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. आपल्याला वाटलं, आता जिल्हा आपला. पण एका टोकाला वसई-विरारची महानगरपालिका आहे आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा. डोकी मोजून जागा दिल्या की कुणाचा आवाज मोठा होणार ते सांगायला नको.

ही समिती जिल्हा वार्षिक योजना मंजूर करते. त्या योजनेच्या तीन चुली आहेत असं समजा. एक सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जाती उपयोजनेची, तिसरी आदिवासी उपयोजनेची. तिसऱ्या चुलीवरचं अन्न आपल्या हक्काचं. आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आहे, म्हणजे १९७४ पासून. सुकथनकर समितीनंतर १९९३-९४ पासून राज्याच्या योजनेतला वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला काढून आदिवासी विकास विभागाच्या हाती द्यायचं ठरलं. म्हणून आपल्या रस्त्याची मागणी नेहमी दोन ठिकाणी द्यायची. एक जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे आणि दुसरी प्रकल्प कार्यालयात. आपल्या जिल्ह्यात जव्हार आणि डहाणू अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत. पाड्यातल्या आतल्या रस्त्यासाठी ठक्कर बाप्पा वस्ती सुधारणा योजना आहे, तीही प्रकल्प कार्यालयातूनच चालते.

समितीची बैठक कशी होते? मर्यादा वरून आधीच ठरून येते, यंदा या जिल्ह्याला एवढे कोटी. मग कलेक्टर सगळ्या खात्यांकडून मागण्या घेतात. छोटा गट बसून छाननी करतो. बैठकीत सदस्यांपुढं जाडजूड पुस्तक ठेवतात. त्या पुस्तकात तुमच्या पाड्याचं नाव शोधू नका. तिथं हेड असतात, लेखाशीर्ष. रस्त्याचे हेड दोन लक्षात ठेवा. ३०५४ म्हणजे आहे त्या रस्त्याची देखभाल-दुरुस्ती. ५०५४ म्हणजे नवा रस्ता, नवा पूल, भांडवली काम. कोकणात साकवांचाही वेगळा कार्यक्रम आहे, ओहोळावरचा छोटा पूल त्यातून होऊ शकतो. पैसे हेडवर पडतात. मग त्या हेडखाली कोणती कामं घ्यायची याची यादी नंतर बनते. खरा खेळ त्या यादीत असतो. बैठकीचं छायाचित्र पेपरात येतं, यादीचं येत नाही.

आणि सगळेच पैसे नव्या कामाला मिळत नाहीत. गेल्या वर्षी सुरू झालेल्या कामांची देणी आधी भागवतात, त्याला दायित्व म्हणतात. उरलं तर नवं काम. म्हणून कुणी सांगितलं की "तुमचं काम मंजूर आहे", तर लगेच हार घालायला जाऊ नका. चार कागद विचारा. प्रशासकीय मान्यता झाली का, तांत्रिक मान्यता झाली का, निविदा निघाली का, कार्यारंभ आदेश दिला का. चौथा कागद हातात येईपर्यंत काम नाही. नारळ पहिल्या कागदाला फुटतो आणि रस्ता चौथ्याला सुरू होतो. आमच्याकडं एका मोरीचा नारळ दोनदा फुटला, मोरी एकदाही झाली नाही.

वेळापत्रक पण सांगते, कारण आपण नेहमी उशिरा जातो. गावाचा आराखडा आधी ग्रामसभेत करायचा. हिवाळ्यात जिल्ह्याची प्रारूप योजना बनते, मग राज्य पातळीवर बैठक होते, मार्चमध्ये अर्थसंकल्प. आपण मोर्चा कधी काढतो? मे महिन्यात, पाणी नसतं तेव्हा, किंवा जुलैमध्ये, ओहोळात कुणी वाहून गेलं तेव्हा. त्या वेळी वही मिटलेली असते. मोर्चा काढूच, पण एक मोर्चा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वही उघडी असताना काढा. भातकापणीची घाई असते हे मला माहीत आहे. घरटी एक माणूस आला तरी चालेल. आणि हेही लक्षात ठेवा की जिल्हा परिषदेला मिळालेला पैसा खर्च करायला दोन वर्षांची मुदत असते. "मार्चला निधी परत गेला" असं कुणी सांगितलं तर कोणत्या वर्षाचा, कोणत्या हेडचा, ते लेखी मागा. माहितीच्या अधिकाराला १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला तेही लागत नाहीत.

समितीच्या बाहेरचेही पैसे आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. मैदानी भागात ५०० वस्तीला रस्ता, आपल्या अनुसूचित क्षेत्रात २५० वस्तीला. इथं एक चांगली गोष्ट आहे. ही योजना महसुली गाव मोजत नाही, वस्ती मोजते. आणि ५०० मीटरच्या आतल्या दोन-तीन वस्त्यांची माणसं एकत्र धरता येतात. आमच्याकडं दोन पाडे, एकात १६०, एकात ११०. वेगवेगळे धरले तर दोघंही नापास. एकत्र धरले तर २७०, पास. हे कुणी स्वतःहून मोजत नाही. जनगणना महसुली गावाची आकडेवारी देते, पाड्याची वेगळी देत नाही. म्हणून घरयादी आपणच करायची आणि ग्रामसेवकाची सही घ्यायची. ग्रामसडकचा रस्ता झाला तर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदारानं करायची असते. तसं तिथल्या फलकावर लिहिलेलं असतं. फलक वाचा, तारीख लिहून ठेवा.

रोजगार हमीतूनही रस्ता होतो. तिथं मजुरी ६० आणि साहित्य ४० हा हिशेब, ठेकेदार नाही, माणसाचं काम करणारं मशीन नाही. पण नुसती माती टाकून रस्ता केला तर आपल्याकडचा पाऊस एका आषाढात तो खाली नेतो. मोरी आणि खडी कुठून येणार हे आधी ठरवा, मग माती उचला. खासदार-आमदारांचे निधी आहेत. २५१५ चं हेड आहे, ते मंत्रालयातून सुटतं. तिथं अर्ज चालत नाही, ओळख चालते. आपली ओळख म्हणजे आपली संख्या.

आणि एक पैसा असा आहे की त्यासाठी कुणाच्या दारात जायला नको. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के पेसा ग्रामपंचायतींना लोकसंख्येच्या प्रमाणात थेट मिळतात. अबंध निधी म्हणतात त्याला. पायाभूत सुविधा हा त्यातला एक विषय आहे. त्यातून अख्खा रस्ता होणार नाही, पण ओहोळावरची फरशी होऊ शकते. तो खर्च ग्रामसभेनं ठरवायचा आहे, सरपंच आणि ग्रामसेवकानं नाही. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की गावातली योजना ग्रामसभेनं आधी मंजूर करायची आणि पैसा नीट खर्च झाला याचा दाखलाही ग्रामसभेनंच द्यायचा. तुमच्यातल्या किती जणांनी तो दाखला पाहिलाय? हात वर करा. बघा, तीन हात. बाकीच्या गावांत तो दाखला कुणी दिला ते घरी जाऊन शोधा.

आता जमिनीकडं येते, काका, तुमच्यासाठी.

शाळेच्या पाड्यापर्यंत जी सडक आली ना, ती माझ्या मावशीच्या प्लॉटमधून गेली. मावशीचं घर तिच्या सासऱ्यापासून ती जमीन कसतं. वरई-नाचणीचा माळ आणि खाली भाताची दोन खाचरं. वनहक्काचा दावा केलेला, मंजूर व्हायचा होता. एक दिवस जेसीबी आला. मावशी आडवी गेली तेव्हा तिला नकाशा दाखवला. नकाशात तिचं खाचर नव्हतं. कक्ष क्रमांक होता आणि वन लिहिलं होतं. वरचं खाचर गेलं. भरपाई कुणाला देणार, कागदावर माणूसच नाही. गावातले लोक तिला म्हणाले, "रस्त्याला आडवी येऊ नकोस, सगळ्यांचं काम आहे." मीही त्यातली एक होते, खोटं कशाला बोलू. मला कॉलेजला जायला सडक पाहिजे होती. मावशी मला एवढंच म्हणाली, "सडक मलाबी पाहिजे. माझ्या सुनेला झोळीतून नेली तवा मीच मागं चालत होते. पण इचारलं असतं तर बांधाकडनं न्या म्हणाले असते."

ते मी विसरत नाही. बांधाकडून नेता आला असता. दहा पावलांचा फरक होता.

विचारायची जागा कायद्यात होती. ग्रामसडकच्या नियमात आहे की आखणी पक्की करण्याआधी इंजिनियरनं गावकऱ्यांबरोबर रस्ता जाणार त्या वाटेनं चालत जायचं, कुणाची जमीन जाते ते बघायचं आणि ते लिहायचं. त्या योजनेत जमिनीसाठी पैसा नसतो, जमीन लोकांनी द्यायची असं धरलेलं असतं. म्हणून संमतीपत्रावर अंगठा घेतात. कोऱ्या संमतीपत्रावर अंगठा द्यायचा नाही. किती मीटर, कोणत्या बाजूनं, ते लिहून घ्यायचं. आणि दावा प्रलंबित असेल तर दाव्याचा नंबर त्या कागदावर लिहायलाच लावायचा. वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्याची पडताळणी पुरी झाल्याशिवाय कसणाऱ्याला हटवता येत नाही. रस्त्याचं नाव सांगितलं म्हणून ते कलम रद्द होत नाही.

आता आमच्या दीड किलोमीटरचं. नंबर मागितला तर पुढचं उत्तर आलं, "वनजमीन आहे, प्रस्ताव दिल्लीपर्यंत जाईल, वर्षं लागतील." त्याच वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, विजेची लाइन, आणि रस्ता. अटी तीन. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. मंजुरी उपवनसंरक्षकांच्या पातळीवर होते.

आम्ही हिशेब केला. १५०० मीटर लांबी, ५ मीटर रुंदी, ७५०० चौरस मीटर. पाऊण हेक्टर. अटीत बसतं. मग दोन दिवस आम्ही बायांनी आणि पोरांनी दोरी धरून झाडं मोजली. ३१ निघाली. वाट दोन ठिकाणी वळवली तर २४. कोणाकोणाचा प्लॉट लागतो ते लिहिलं, पाच घरांचे दावे होते. पाचही घरं ग्रामसभेत उभी राहिली, कुठून न्यायचं ते त्यांनीच सांगितलं. मावशी पुढं बसली होती. तिचा तर आता काही संबंध नव्हता, पण ती प्रत्येकाला विचारत होती, "बांध कुठं हाय तुझा? तिकडनं घे."

ते सगळं ठरावाला जोडून दिलं. यावेळी साहेबांनी यादीवर बोट फिरवलं नाही, आमचा कागद वाचला. प्रस्ताव पुढं गेला आहे. रस्ता अजून झालेला नाही, मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पण एक झालं. त्या प्रस्तावाच्या नकाशात आमच्या पाड्याचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं, आणि पाच प्लॉट त्यात दाव्याच्या नंबरासकट आहेत. उद्या कुणी म्हणालं की इथं कुणी राहत नव्हतं, कुणी कसत नव्हतं, तर तो सरकारी नकाशाच आमचा पुरावा आहे.

आपल्याच जिल्ह्यातून बुलेट ट्रेन जाणार, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जाणार. ते जिल्हा समितीत ठरले नाहीत, वरून ठरून आले. त्यांना नंबर मागायला पाच ठराव करावे लागले नाहीत. आमच्या दीड किलोमीटरला लागले. राग येतो ना? येऊ द्या. पण रागाबरोबर घरयादी पण घेऊन या.

आता घरी जाऊन करायचं काम.

एक, रस्त्याला नंबर आहे का ते लेखी विचारा.

दोन, पाड्याची घरयादी करा, जवळच्या पाड्यांसकट. २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे पाडा स्वतःला वेगळं गाव जाहीर करून घेऊ शकतो. ज्यांनी केलं नसेल त्यांनी त्याचा ठराव घ्या.

तीन, वाटेवर कुणाचे दावे आहेत ते ज्यांची जमीन आहे त्यांच्यासमोर बसून लिहा. त्यांच्या सांगण्याशिवाय आखणी मान्य करू नका.

चार, मागणी दोन ठिकाणी द्या, पोच घ्या, आणि ऑक्टोबरच्या आत द्या.

पाच, अबंध निधीचा हिशेब पुढच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला लावा.

दुपारी जेवणानंतर पाड्याप्रमाणे गट करून बसू. दोरी, टेप आणि कोरे कागद मी आणलेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी वाट सांगायची, पोरं लिहितील. वाट तुम्हालाच माहीत आहे.

जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!